वळणात न बसलेलं घर

महाडच्या बाजारपेठेत माझं रंगाचं दुकान होतं. घर रंगवणारे यायचे, होडी रंगवणारे यायचे, गणपतीच्या आधी मूर्तिवाले यायचे. झकेरिया मुकादम यांतला कुणीच नव्हता. तो सगळ्यांत लहान डबा मागायचा, आणि रंगाचं नाव घ्यायच्या ऐवजी वस्तूचं नाव घ्यायचा. "पावसात भिजून काळं पडलेलं कौल असतं ना, तो द्या," म्हणायचा. एकदा म्हणाला, "रुळाच्या वरच्या अंगाला गंज चढत नाय, गाडी घासून जाते. बाजूला चढतो. तो बाजूचा गंज पाहिजे." मी त्याला गेरू आणि तपकिरी ऑइल पेंट दिला. हा माणूस करतो तरी काय, ते बघायला म्हणून एका रविवारी दासगावला त्याच्या घरी गेलो.

खाडीकडच्या मोहल्ल्यात त्याचं घर. खाली पडवी, मागं स्वयंपाकघर, वर माळा. माळ्यावर जाणारा जिना इतका अरुंद की मला आडवं होऊन चढावं लागलं. वर डोकं काढलं आणि मी तिथंच थांबलो. खोलीच्या भिंतींना लागून फळ्यांचं मोठं टेबल केलेलं, आणि त्यावर आमचा मुलूख मांडलेला. वीर स्टेशन, पुढं नदीवरचा पूल, पूल ओलांडला की डोंगर आणि डोंगरात शिरणारा बोगदा. कोकण रेल्वेची गाडी वीरपर्यंत यायला लागून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. लोक अजून मुलाबाळांना घेऊन नुसती गाडी बघायला स्टेशनवर जात होते. इथं तीच गाडी बोटभर रुंदीच्या रुळांवरून पुलावर आली, खडखडत बोगद्यात गेली आणि भिंतीला वळसा घालून पुन्हा स्टेशनात येऊन उभी राहिली.

सावित्री वार्निशची होती. थरावर थर देऊन त्यानं तिला खोली आणली होती, आणि ओहोटीला काठाचा जो चिखल उघडा पडतो, तोही काढला होता. डोंगर कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीचे, वर प्लॅस्टरमध्ये बुडवलेली गोणपाटं. झाडं काटक्यांची, त्यांना रंगवलेला लाकडाचा भुसा. रुळाखालची खडी म्हणजे नदीची वाळू, मैद्याच्या चाळणीतून चाळलेली.

"ती चाळणी माझी होती," मागून त्याची बायको मासूमा म्हणाली. ती चहा घेऊन जिन्यात उभी होती. कप माझ्या हातात देऊन ती खाली गेली. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही.

झकेरिया तरुणपणीच बहारीनला गेला होता. तिथं एका इंग्रज इंजिनिअरच्या घरी ड्रायव्हर होता. साहेब एकटाच राहायचा. त्याच्या बंगल्यात एका खोलीत टेबलावर अशीच आगगाडी होती. सुट्टीच्या दिवशी साहेब काम करत बसायचा. आधी त्यानं झकेरियाला हे धर, ते धर म्हणून हाताशी घेतलं, मग एक दिवस त्याच्या हातात ब्रश दिला. झकेरियाला तिथं चटक लागली. नवा कोरा डबा जुना कसा करायचा, रंग कुठं उडवायचा, काजळी कुठं धरवायची, हे तो तिथं शिकला. कुवेतची लढाई पेटली तेव्हा साहेब आपल्या देशात निघून गेला, आणि जाताना एक इंजिन, काही डबे, रूळ आणि गाडी चालवायची पेटी झकेरियाला देऊन गेला. इतरांच्या ट्रंकांतून टेपरेकॉर्डर आणि ब्लँकेटं यायची. झकेरियाच्या ट्रंकेतून आगगाडी आली.

मासूमानं ट्रंक उघडली तेव्हा विचारलं होतं, "हे कुणासाठी? आपला अनस आता कॉलेजात जाईल."

"माझ्यासाठी," झकेरिया म्हणाला.

लग्न झाल्यापासून तिनं नवरा सुट्टीपुरताच पाहिला होता. तो कायमचा परत येणार म्हटल्यावर तिनं पडवीला नवा ओटा घालून घेतला होता, संध्याकाळी दोघांना बसायला. तो दिवसभर दासगाव ते वीर स्टेशन सहा सीटर रिक्षा चालवायचा, घरी येऊन जेवायचा आणि माळ्यावर जायचा. "बहारीनला होते तेव्हा चिठ्ठी तरी यायची," ती शेजारणींना सांगायची. "आता माळ्यावरून हाकसुद्धा येत नाय."

पण माणसाच्या हातात कसब होतं, हे कुणीही कबूल करील. त्या दिवशी त्यानं माझ्यासमोर एक डबा घेतला. लालभडक, नुकताच रंगवलेला. पातळ केलेला तपकिरी रंग खिडक्यांखाली लावला आणि फडक्यानं वरून खाली पुसून घेतला. "पाणी खाली वाहातं ना," तो म्हणाला. "तसंच पुसायचं. आडवं पुसलंत की खोटं दिसलं." छपरावर इंजिनाच्या धुराची काजळी, चाकांवर ब्रेकची धूळ, पायरीजवळ माणसांचे पाय लागून उडालेला रंग. डबा माझ्या देखत दहा पावसाळे जुना झाला. मोहल्ल्यातली मशीद, स्टेशनातली पाण्याची टाकी, बाजारातली दुकानं, सगळं त्यानं असंच उभं राहून, बघून केलेलं होतं. दुकानाच्या पाटीवरचं कुठलं अक्षर उन्हानं पुसट झालंय, हेसुद्धा.

त्याच दिवशी मला तिथं श्रीपत भेटला.

श्रीपत दासगावच्या वर डोंगराच्या कुशीत जी वरची कोंड, म्हणजे वाडी होती, तिथला. झकेरियाच्या शाळेतला जोडीदार. थोडी भातशेती होती. रेल्वेचं काम निघालं तेव्हा तो डोंगर फोडायच्या कामावर लागला आणि पुढं लाइनीवर गँगमन झाला. सुट्टी असली की कोंडीवरून उतरून तो सरळ झकेरियाच्या माळ्यावर यायचा. कधी हातात सावरीचा कापूस, धूर करायला. कधी नदीतली बारीक वाळू, कधी तारेचा तुकडा. मग दोघं तासन्‌तास बसायचे. बोलणं थोडं, हसणं जास्त. मासूमा चिडायची, पण श्रीपतवर नाही. तो जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबून "भाभी, येतो," असं म्हणून जायचा. तिच्या घरात तिला सांगून जाणारा तेवढा एकच माणूस होता.

टेबलावरच्या डोंगराचं काम चाललं होतं तेव्हाची गोष्ट श्रीपतनंच मला सांगितली, हसत हसत. टेबलाच्या कोपऱ्यात गाडीला वळायला जागा लागते. ते वळण नेमकं वरच्या कोंडीच्या जागेवर येत होतं. म्हणून झकेरियानं कोंडीची तीनच घरं बसवली. साबणाच्या खोक्यांची केली आणि ब्रश धुतलेलं काळं पाणी तिन्हींवर एकदमच फिरवलं.

श्रीपतनं वाकून बघितलं. "माझं कुठलं रे यातलं?"

"तीनच बसतात. वळण आलंय."

"मग ही कुणाची?"

"कुणाची नाय. घरं म्हणून घरं."

"आणि मी राहू कुठं?"

झकेरियानं पुलाजवळच्या रुळावर एक माणूस उभा केला होता. नखाएवढा, डोक्याला फडकं, हातात कंदील. "हा तू," तो म्हणाला.

"च्यायला, कायमचा ड्युटीवर ठेवलास," श्रीपत म्हणाला, आणि हे सांगताना पुन्हा पोट धरून हसला.

झकेरिया त्याला म्हणाला होता की पुढच्या वर्षी फळी वाढवू, मग सगळी कोंड बसवू. पुढच्या वर्षी त्यानं स्टेशनात सिग्नलचे दिवे लावले. त्याच्या पुढच्या वर्षी बोगद्याच्या तोंडाशी शेवाळ केलं, हिरवा खडू कुटून. फळी राहून गेली.

आणखी एक गोष्ट राहून गेली. श्रीपत खाली यायचा, पण झकेरिया वर जात नसे. चढ उभा होता, सहा सीटरवर बसून बसून गुडघे धरले होते, कधी भाडं असायचं, कधी पाऊस. श्रीपतच्या मुलीचं, रेश्माचं, लग्न पोलादपूरला झालं तेव्हा तो लग्नाला गेला. पण वरच्या कोंडीत, श्रीपतच्या घरी, तो शाळेच्या वयात जात होता तेवढंच. मधे श्रीपतनं जुनं घर सोडून वरच्या अंगाला नवं बांधलं होतं. ते झकेरियाला ऐकून ठाऊक होतं.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात श्रीपत माझ्या दुकानात आला. डिस्टेंपर हवा होता. मी पिवळा दाखवला, हिरवा दाखवला. त्यानं आकाशी निवडला, आणि चौकटीला पांढरा.

"आवडीला पाहिजे," तो म्हणाला. आवडी त्याची बायको. "ती म्हणते आख्खा जन्म मातीच्या रंगात गेला. आणि हे बघा, झकऱ्या आला दुकानात तर सांगू नका रंग कुठला ते. त्याला म्हटलंय, घराचं काम केलंय, वर ये. चढून आला की बघेल."

मी सांगितलं नाही. झकेरियानं विचारलंही नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जो पाऊस झाला, तो आमच्याकडं कुणी विसरणार नाही. महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. माझ्या दुकानातले रंग, पिंपंच्या पिंपं, गाळात मिसळले. तालुक्यात ठिकठिकाणी डोंगर खाली आले. दासगावला संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, वरच्या कोंडीमागचा डोंगर सुटला.

आवडी त्या दिवशी पोलादपूरला होती, रेश्माच्या बाळंतपणासाठी. श्रीपत ड्युटी संपवून घरी आला होता. घरात तो आणि त्याची म्हातारी आई.

झकेरिया पडवीत उभा होता. मला त्यानं नंतर सांगितलं, पुलावरून मालगाडी जावी तसा आवाज आला, पण तो थांबेना. मग माणसं ओरडत धावली आणि तोही धावला. गुडघे, चढ, पाऊस, काहीही आड आलं नाही. वर पोचला तर तिथं काही नव्हतं. तांबडा चिखल, त्यात उलटी झाडं. पायवाट नाही, बांध नाही, विहीर नाही. खालून चढलेल्या पोरांच्या हातात फावडी होती, पण खणायचं कुठं?

कोंडीतली जी माणसं वाचली होती ती आपापल्या माणसांना हाका मारत होती. त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. मग कुणीतरी म्हणालं, "झकेरियाभायला विचारा. त्यानं अख्खं गाव बनवलंय. त्याला दगड न् दगड ठाऊक हाय."

सगळे त्याच्याकडं वळले. "श्रीपतचं घर कुठल्या अंगाला?"

त्यानं हात केला. उंबराचं एक झाड अर्धवट उभं होतं, त्याच्या खालच्या बाजूला. लहानपणी तो तिथंच जायचा. तिथंच श्रीपतच्या आईनं त्याला कितीदा तरी भाकरी वाढली होती.

पोरं तिथं खणत राहिली. पाऊस चालूच होता. पुष्कळ वेळानं कोंडीतला रावजी, श्रीपतचा चुलतभाऊ, स्वतःची माणसं सापडल्यावर तिकडं आला आणि बघतच राहिला. "इथं काय खणता? हे जुनं घर. मोडून किती वर्षं झाली. तो वर राहायचा, त्या खडकाच्या अंगाला."

श्रीपत आणि त्याची आई दुसऱ्या दिवशी सापडले, खडकाच्या अंगाला. आधी तिथं खणलं असतं तरी वाचले नसते, असं सगळे म्हणाले. डॉक्टरही म्हणाला. झकेरियाला ते पुन्हा पुन्हा सांगण्यात आलं. तो नुसता मान हलवायचा.

पाणी ओसरल्यावर आणखी एक विचित्र प्रकार सुरू झाला. वाचलेली माणसं झकेरियाच्या माळ्यावर यायला लागली. गावाचा फोटो कुणाकडं नव्हता. टेबलावर मात्र गाव होतं, डोंगर होता, देवळाची वाट होती. माणसं यायची, बोट न लावता बघायची. कुणी रडायचं, कुणी म्हणायचं, इथं आमचा आंबा होता. एक वार्ताहर आला, फोटो काढून घेऊन गेला. पेपरात छापून आलं, दरडीच्या आधीचं गाव, एका रिक्षावाल्यानं जपलेलं. बाजारात लोक झकेरियाला थांबवून हात मिळवू लागले. इतकी वर्षं त्याला खुळ्यात काढणारे आता पाहुणे घेऊन यायचे. तो त्यांना जिना दाखवायचा आणि स्वतः खाली बसून राहायचा. त्या महिन्यांत गाडी एकदाही चालली नाही.

मग आवडी आली. रेश्माच्या घरून परत आल्यावर तिला इतरांबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये जागा मिळाली होती. शेजारच्या बायका निघाल्या म्हणून तीही आली. झकेरियाला खाली बसणं शक्य झालं नाही, तो तिच्यामागून वर गेला. मासूमाही गेली.

आवडीनं स्टेशन बघितलं, पूल बघितला, मग डोंगराकडं आली. ती तीन घरं तिनं एकेक करून बघितली.

"माझं कुठं हाय, झकेरियाभाय?"

तो रुळाखालची वाळू बोटानं सारखी करू लागला.

"रावजीचं पण नाय. कोंडाजीचं पण नाय. ही कुणाची घरं?"

"वळण आलं तिथं," तो म्हणाला.

"कसलं वळण?"

त्यानं रुळाकडं बोट केलं. आवडीनं रूळ बघितला. मग त्याच्याकडं बघितलं, अगदी शांतपणे, कळत नसलेली गोष्ट समजून घ्यावी तसं. "म्हणजे गाडी फिरायला जागा नव्हती, म्हणून?"

"व्हय."

"ते म्हणायचे, झकऱ्यानं मला पण बनवलंय. तो कुठं?"

झकेरियानं पुलाजवळचा नखाएवढा माणूस दाखवला. ती वाकली. पुष्कळ वेळ बघत राहिली. "येवढा मोठा मुलूख बनवलात," ती म्हणाली, "आणि त्याला घरी जायला वाट नाय ठेवलीत."

ती जिना उतरून गेली. मासूमा तिच्यामागं गेली. त्या रात्री मासूमा त्याला जेवायला वाढून शेजारणीकडं जाऊन बसली. तिला त्याच्यासमोर बसवेना.

झकेरियानं श्रीपतचं घर करायला घेतलं. कोंडीतल्या माणसांना जाऊन विचारायचा. कुणी सांगितलं दार पूर्वेला, कुणी सांगितलं दक्षिणेला. गोठा डाव्या हाताला होता की मागं, यावर रावजीचं आणि त्याच्या बायकोचं भांडण झालं. आवडीला जाऊन विचारायचं धाडस त्याला झालं नाही. माझं दुकान तेव्हा बंदच होतं, मी गाळ उपसत होतो. घरात होते त्या रंगांवर त्यानं काम भागवलं. पण काम मनापासून केलं. एकेक कौल वेगळं कापलं. भिंतीला खालून ओल चढवली, कौलांवर शेवाळ धरवलं, चुलीच्या बाजूला छपराखाली धुराचा काळा ओघळ काढला. पागोळीचं पाणी पडून अंगणात जी रेघ पडते, तीसुद्धा. साहेबानं शिकवलेलं सगळं त्या तळहाताएवढ्या घरात त्यानं ओतलं.

ते घर पुठ्ठ्याच्या खोक्यात घेऊन तो पत्र्याच्या शेडमध्ये गेला. अनस तेव्हा दोह्याच्या नोकरीवरून सुट्टीवर आला होता. बापाला एकट्याला जाऊ देऊ नये म्हणून मासूमानं त्याला बरोबर पाठवलं. पुढचं मला अनसनं सांगितलं.

आवडी तांदूळ निवडत बसली होती. तिनं त्यांना बसायला गोणपाट टाकलं. झकेरियानं खोकं उघडून घर तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं सूप बाजूला सारलं, घर हातात घेतलं, फिरवून बघितलं.

"दार बरोबर हाय," ती म्हणाली. "गोठा पण."

झकेरियाच्या तोंडावर जरा उजेड आला, अनस म्हणाला.

"पण हे आमचं घर नाय."

"काय चुकलं, आवडी? सांग, मी बदलतो."

"आमचं घर येवढं मळकं नव्हतं." ती चिडली नव्हती. "मे महिन्यात रंगवलं त्यांनी. मी आणि ते, दोघांनी. आकाशी रंग आणला होता महाडवरून. चौकटी पांढऱ्या. शेवाळ? कौलं उतरवून धुतली होती सगळी. घरात धूर नव्हता, गॅस घेतला होता. रोज म्हणायचे, झकऱ्या येतोय बघायला. तुम्ही येणार म्हणून पडवीला एक खुर्चीपण आणली होती. खाली बसलात की तुमचे गुडघे दुखतात म्हणायचे."

झकेरियानं घर परत घ्यायला हात पुढं केला.

"तुम्ही आमचं घर काळं केलंत," आवडी म्हणाली. "गरिबाचं घर असंच असेल म्हणून."

तिनं ते परत खोक्यात ठेवलं, नीट, कोपरा दुमडणार नाही असं, आणि खोकं अनसच्या हातात दिलं.

गाळ काढून माझं दुकान पुन्हा उघडलं तेव्हा झकेरिया आला. म्हणाला, "श्रीपतनं कुठला आकाशी नेला होता? तो द्या." मी दिला. पैसे घेतले नाहीत. त्यानं तो डबा उघडलाच नाही, हे मला अनसकडून समजलं. रंग ओला असताना बदलता येतो, काजळी धरवल्यावर वरून आकाशी दिला तर खालचा काळा फुटून वर येतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि दुसरं घर करायला त्याचे हात वळेनात.

दरडीला वर्ष झालं तेव्हा गावातल्या काही मंडळींनी श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठरवला. टेबल खाली आणून मंडपात मांडावं, असं त्यांचं म्हणणं. झकेरिया नाही म्हणाला.

"अरे, गावाची आठवण हाय ती," मंडळी म्हणाली.

"ती खोटी हाय," तो म्हणाला. "तिच्यावर विसंबून माणूस भलतीकडं खणत बसला."

मंडळींना त्याचा राग आला. मोठेपणा आला म्हणाले, पेपरात नाव आलं म्हणून. त्यांनी वार्ताहराचा फोटो मिळवला, मोठा करून मंडपाच्या दारात लावला. खाली लिहिलं, आपलं गाव, जसं होतं तसं. फोटोत डोंगर होता, वळण होतं, तीन घरं होती. आवडी मंडपात आली, तिनं तो फोटो बघितला आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. भाषणं झाली. कुणीतरी झकेरियाचे आभार मानले. टाळ्या पडल्या. झकेरिया आलाच नव्हता.

त्याच्या पुढच्या वर्षी अनसचं लग्न ठरलं. मुलगी आफिया, महाडचीच. नव्या जोडप्याला माळा हवा होता. कसं विचारावं म्हणून मासूमा आणि अनस दोघं आठवडाभर एकमेकांकडं बघत होते. झकेरियालाच ते कळलं. एके सकाळी तो करवत घेऊन वर गेला. अनस मागून गेला तर बापानं पूल आधीच कापून वेगळा केला होता. डोंगर फोडताना आतली जाळी हाताला लागून रक्त आलं, ते पुसून तो पुढं कापत राहिला. रूळ आणि डबे पुण्याहून आलेल्या एका हौशी माणसानं नेले. जाताना त्यानं डब्यांवरच्या गंजाची तारीफ केली, हुबेहूब आहे म्हणाला. झकेरिया पाठ करून फळ्या रचत होता. फळ्यांचं मासूमानं कोंबड्यांसाठी खुराडं करून घेतलं. माळा धुतला, चुना दिला, आणि खिडकीला पडदे लावले.

त्यानंतर तो संध्याकाळी पडवीतल्या ओट्यावर बसायला लागला. मासूमाही बसायची. पण इतक्या वर्षांत तिला एकटीनं बसायची सवय झाली होती. ती ओट्याच्या एका टोकाला, तो दुसऱ्या. ती शेजारणीशी बोलायची, तो रस्ता बघायचा. मी कधी गेलो तर दोघं आपापलं वेगळं बोलायचे माझ्याशी. एकदा मी सहज म्हटलं, माळ्यावर आता काय करता? तो म्हणाला, "आता वर जायचं कारण नाय." रंगाचं तो पुन्हा कधी बोलला नाही. सहा सीटरला ओरखडा पडला तरी तसाच ठेवायचा.

दोन हजार नऊच्या जुलैत तो गेला. छातीत दुखायला लागलं, महाडला नेईपर्यंत संपलं. मी दफनाला गेलो होतो. परत त्याच्या घरी आलो तेव्हा आत बायकांत आवडी बसलेली दिसली. ती पायी आली होती, डोक्यावर इरलं घेऊन. मासूमाच्या शेजारी बसून होती.

मग मासूमानंच विचारलं. इतकी माणसं होती तरी विचारलं. "आवडी, अजून राग हाय गो त्यांच्यावर?"

आवडीनं मान वर केली. "राग कसला, भाभी. ते काय वाईट नव्हते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पण माफ केलं असं म्हणायला माझी जीभ वळत नाय. मेलेल्या माणसापुढं खोटं कशाला बोलू?"

मासूमानं तिचा हात धरून ठेवला. "नको बोलू," ती म्हणाली. "मी पण नाय बोलले."

थोड्या वेळानं आवडी उठली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेतात लावणी होती, मदतीला माणसं सांगायची राहिली होती. इरलं डोक्यावर घेऊन ती पावसात रस्त्याला लागली.